उतरंडीचा हेल

त्या राज्यात बोलायचे झाले तर पाणी ओतावे लागे. राज्य भांड्यांचे होते. घागरी, कळशा, तांबे, झाऱ्या, माठ, सुरया, रांजण अशी सारी प्रजा. आणि ज्याच्या पोटातून पाणी बाहेर पडताना जो आवाज होई, तेच त्याचे बोलणे. पाणी सर्वांचे एकच होते. राज्याच्या मधोमध एक तळे होते, आणि त्याखेरीज दुसरा साठा कुणाला ठाऊक नव्हता.

पाणी एक असले तरी बोलणे एक नव्हते. घागर घडघडून बोले, झारीचे बोलणे बारीक धारेचे, माठाचे जड आणि सावकाश. या फरकाला त्या राज्यात हेल म्हणत. तळ्याच्या काठी जे नगर वसले होते त्याचे नावच काठ असे होते, आणि काठच्या रहिवाशांची अशी समजूत होती की हेल इतरांना असतो. आपण बोलतो ते नुसते बोलणे. ही समजूत केव्हा रूढ झाली हे नेमके सांगता येत नाही. ती इतकी जुनी होती की तिला समजूत म्हणावे असेही कुणाला सुचत नसे.

हेल या शब्दाला आणखी एक अर्थ होता. तळ्यापासून दूर राहणारी भांडी पाणी वाहून नेत, आणि एका खेपेला जेवढे नेता येई त्यालाही ती हेलच म्हणत. काठच्या रहिवाशांना पाणी वाहावे लागत नसल्यामुळे हा अर्थ ते विसरून गेले होते.

उताराच्या अगदी शेवटी उतरंड नावाची वस्ती होती. तिथे सगळी मातीची भांडी. तळ्यातून पाटाने पाणी सोडण्याच्या पाळ्या ठरलेल्या असत, प्रत्येक वस्तीला वर्षातून एकच. ज्या वस्तीची पाळी, तिच्या पुकाऱ्याने तळ्याच्या दाराशी उभे राहून वस्तीचे नाव पुकारायचे, की दारावर बसलेले म्हातारे झाकण वर उचलले जाई आणि पाट वाहू लागे. मात्र पुकाऱ्याकडे शुद्ध नादाचा शिक्का असावा लागे, आणि तो उतरंडीतल्या कुणालाही आजवर मिळाला नव्हता. ज्या वस्तीला पुकाऱ्या नाही तिची पाळी सर्वांत शेवटी. काठचाच एखादा तांब्या जाता जाता तिचे नाव घेऊन येई. तोवर तळ्यात गाळच जास्त उरलेला असे, आणि का कोण जाणे, उतरंडीसाठी झाकणही अर्धेच उघडे. त्यामुळे उतरंडीत पाणी जपून वापरत, म्हणजेच कमी बोलत.

त्या वर्षी रांजणआजीला चीर गेली. ती वस्तीतली सर्वांत मोठी. तिच्या पोटातल्या साठ्यावर अर्धी वस्ती बोलत होती. चीर केसाएवढीच होती, पण तिच्यातून पाझरलेल्या पाण्याची ओल खालच्या जमिनीवर दिसू लागली, तेव्हा सगळ्यांनी मिळून सुरईला काठला धाडायचे ठरवले. सुरई वयाने लहान होती, पण एकदा ऐकलेले ती विसरत नसे, आणि ऐकल्यावाचून कशाला मान डोलवत नसे.

"जा पोरी," आजी म्हणाली. "त्यास्नी पायजे तसं बोल, पर आपलं नाव नीट पुकार. म्होरल्या पाळीला पानी न्हाई आलं, तर मी मधोमध उकलंन बघ."

"असलं बोलाया पानी खर्चू नगं, आजी," सुरई म्हणाली आणि निघाली.

काठच्या वेशीवर पळी बसत असे. येणाऱ्याच्या पोटातले थोडे पाणी उचलून पाहायचे आणि ठरलेला प्रश्न विचारायचा, हे तिचे काम.

"हेल आहे का, टक्?" पळीने विचारले.

काठमधले प्रत्येक वाक्य अशा एका टक्‌ने संपे. धार संथ वाहत येई आणि शेवटी अडखळून टक् करी. या टक्‌वरूनच शुद्ध बोलणारा ओळखला जाई. पुढे तो प्रत्येक वेळी लिहिलेला नाही. तो होता असे समजावे.

सुरईने पोट किंचित हलवून पाण्याचा अंदाज घेतला. "हाय की," ती म्हणाली. "योकच हेल हाय. घरनं भरून निघाले व्हते, आता निम्मा उरलाय."

पळी हसली. मागे उभ्या असलेल्या दोन कळशाही हसल्या. "एकच आहे म्हणते," पळी त्यांना म्हणाली. "एवढा मोठा हेल या वेशीतून अजून आत गेला नसेल. जा बाई, नादशाळेत जा. तिथे उतरवून घेतील."

"उतरवू नगा," सुरई काळजीने म्हणाली. "माघारी भरून न्यायचाय."

त्यावर कळशा इतक्या हसल्या की त्यांचे पाणी सांडले.

नादशाळेत पितळी घागरबाई शिकवत. शुद्ध नादाचे चाळीस नियम भिंतीवर कोरलेले होते आणि ते रोज एका सुरात म्हणावे लागत. पहिला नियम असा होता की शुद्ध नाद म्हणजे आदिकलशाचा नाद. आदिकलश हे राज्यातले पहिले भांडे. तो परीक्षेच्या दालनात एका बंद कपाटात ठेवलेला होता, आणि नादाला धक्का लागू नये म्हणून कोरडा ठेवलेला होता. घागरबाईंनी त्याला ऐकले नव्हते. त्यांच्या बाईंनीही ऐकले नव्हते; बाईंच्या बाईंनी लहानपणी कपाटाबाहेरून ऐकले होते, असे म्हणत.

सुरई शिकली. तिने "हाय" सोडून "आहे" धरले, मान कलती ठेवायला शिकली, दोन घोटांमध्ये थांबायचे कुठे हे शिकली. सहा महिन्यांत तिचे बोलणे भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याला काठचे वाटू लागले. फक्त टक् येत नव्हता. त्या जागी तिच्या मानेतून एक गोल, मऊ गुटुक् निघे, आणि वर्ग हसे.

आठवड्याला एकदा पखालमामा येत. ते कातड्याचे, दूरच्या वस्त्यांना पाणी वाहणे हा त्यांचा पिढीजात धंदा. ते भसाभसा बोलत, आणि त्यांना सुधारण्याची आशा काठने केव्हाच सोडली होती.

"काय गं ताई," एकदा ते म्हणाले, "तू अशी बोलाया लागलीस, मला वाटलं चुकून दुसऱ्याच दारात आलो."

"मामा, आजी कशी आहे?"

"आहे," मामांनी तिची नक्कल केली. मग त्यांचा आवाज खाली आला. "चीर बोटभर झालीया. चिखल लावून बसवलीया तिला."

"काय म्हणते?"

"काय म्हननार? बोलाया पानी कुठाय. गप हाय."

पखालमामा नेहमी निघताना काहीतरी थट्टा करत. त्या दिवशी त्यांनी केली नाही.

परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा घागरबाईंनी सुरईला वर्ग सुटल्यावर थांबवून घेतले. "तुझी गती जमली," त्या म्हणाल्या, "धार जमली. टक् नाही."

"मी रोज शंभर वेळा करते, बाई."

"तो करून येत नसतो." घागरबाईंनी इकडेतिकडे पाहिले आणि कंबरेला गुंडाळलेला पट्टा थोडासा वर केला. त्याखाली पोटाला लिंबाएवढा पोचा होता. "पाणी बाहेर पडताना यात अडकते आणि टक् करते. सगळ्यांना असतो. कुणी कुणाला विचारत नाही. तांबटआळीत हातोडी आहे, तिच्याकडे जाऊन ये."

सुरई त्या पोच्याकडे पाहत राहिली. "मी मातीची आहे, बाई."

घागरबाईंनी पट्टा खाली ओढला. "हळू मारायला सांग," त्या म्हणाल्या.

हातोडी भांडे नव्हती. ती पाणी न ओतता, नुसती ठोकून बोले, म्हणून तिच्या बोलण्याला काठमध्ये कुणी बोलणे समजत नसे, आणि म्हणूनच तिच्यापाशी सगळे मोकळेपणाने येत. तिने सुरईला वाळूच्या पिशवीवर आडवे केले आणि अंगावर हलकीशी टिचकी मारली. खण्ण असा आवाज झाला.

"पक्की भाजलेली आहेस," हातोडी म्हणाली. "कुठली गं?"

"उतरंडीची."

"तांब्यापितळेला मारलं तर ते आत जातं. मातीला आत जायला जागा नसते. हळू मारलं तर टक् यायचा नाही. टक् येईल इतकं मारलं, तर टक् ऐकायला तू राहायची नाहीस. लाखात एखादी राहीलही, मी नाही म्हणत नाही. बोल, काय करू?"

सुरईला आजीच्या पोटावरचा चिखल दिसत होता. शिक्का नाही तर पाळी शेवटची, आणि शेवटच्या पाळीपर्यंत आजी थांबणार नव्हती. ती हलली नाही.

"मारा," ती म्हणाली. हातोडी वर उचलली गेली. "पण कुठे मारणार?"

"म्हणजे?"

"आदिकलशाचा टक् नेमका कुठून येतो? मानेतून, पोटातून की बुडातून? घाव एकच आहे. जागा चुकायला नको."

हातोडी सावकाश खाली टेकली. "हे आजवर मला कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "कलश मी पाहिलेला नाही. जो येतो तो त्याच्या मनातला टक् सांगतो, मी तसा पाडून देते. आणि खरं सांगू का तुला, एवढे पोचे पाडले, पण दोघांचा टक् कधी सारखा निघाला नाही."

"मग त्यातला बरोबर कुठला?"

"ते कलशालाच ठाऊक."

सुरई पिशवीवरून उठली. दुपारची वेळ होती. ती तळ्यावर गेली आणि काठाशी वाकून बराच वेळ ऐकत बसली. राज्यातले सगळे बोलणे इथूनच भरले जात होते. घागरबाईंचे नियम, पळीचा प्रश्न, मामांची थट्टा, आजीचे न बोललेले सगळे. पण तळे अगदी गप्प होते. तिने मान आत घातली तेव्हा कुठे आवाज झाला, आणि तो गुटुक् असा झाला.

तिथे बसल्याबसल्या तिला अडतिसावा नियम आठवला. तो तिने शेकडो वेळा म्हटला होता.

परीक्षेच्या दिवशी दालन भरलेले होते. प्रधान परीक्षक चांदीची झारी होती; तिला सगळे बाईसाहेब म्हणत. पळी नोंद करायला बसली होती, आणि पखालमामा परीक्षार्थींना पाणी भरून देत होते.

"उतरंडीची सुरई," पळीने पुकारले. कुणीतरी मागून "एकच हेल" असे म्हणाले आणि दबके हसू उमटले.

सुरई पुढे झाली. "नियम अडतिसावा," ती म्हणाली. "परीक्षार्थीस शंका असल्यास मूळ नाद ऐकवावा. मला शंका आहे."

हसू थांबले. झारीबाईसाहेबांची धार क्षणभर तुटली. "तो नियम म्हणायचा असतो," त्या म्हणाल्या. "वापरायचा नसतो. आजवर कुणी शंका घेतलेली नाही."

"मला टक्‌ची जागा हवी आहे, बाईसाहेब. मी मातीची आहे, मला घाव एकदाच सोसेल. तोही चुकीच्या जागी बसला, तर मी जाईन आणि उतरंडीचे पाणीही जाईल."

नियम कोरलेला होता. त्याला नाही म्हणता येत नव्हते. शिवाय दालनातल्या प्रत्येकाला ते कपाट उघडलेले हवे होते आणि नकोही होते, कारण आपला टक् थोडासा चुकलेला असावा ही भीती प्रत्येकाने आपल्या पट्ट्याखाली वर्षानुवर्षे लपवलेली होती. झारीबाईसाहेबांनी पळीकडे पाहिले. पळीने किल्ली काढली.

आदिकलश तांब्याचा होता. त्याच्यावर हिरवट कळंक चढला होता. पखालमामांनी त्याला हळूच बाहेर काढून काठोकाठ भरले आणि ते मागे सरले. कलश थोडा कलला. रुंद, मोकळी धार घळ्ळ घळ्ळ करीत वाहिली आणि शेवटी आवाज आला, टक्.

दालनातून एक सुस्कारा गेला. कित्येकांनी डोळे मिटून घेतले. घागरबाई तो टक् मनात साठवत होत्या. कलश पुन्हा कलला, पुन्हा धार वाहिली, पुन्हा टक् झाला, आणि पुन्हा माना डोलल्या.

एकटी सुरई मान डोलवत नव्हती. "काय म्हणालात, आजोबा?" तिने विचारले.

"आता कसं," कलश म्हणाला. "कुनीतरी इचारलं. म्हनलं, त्यो पोचा तेवढा काढा की. घाटाच्या पायरीवरनं घसरलो त्या दिसापास्नं खुपतोय. हितं आनलं त्या दिवशीच सांगितलं व्हतं म्या. समद्यांनी ऐकलं, माना डोलावल्या, आन् कोरडा करून कपाटात ठिवलं. टक्. ह्यो बघा, ह्योच."

भिंतीवरचे चाळीस नियम जिथल्या तिथे होते. कलशाने सावकाश वळून दालनभर नजर फिरवली, मघापासून ऐकलेले त्याला बहुधा आता उमजले असावे.

"आन् तुमी समदी अशी मधीच का अडकताय?" त्याने काळजीने विचारले. "तुमीबी पडलात व्हय?"

सर्वांत आधी घागरबाई हसल्या. बारीक धारेने हसायचा नियम होता, पण त्या घडघडून हसल्या, आणि हसता हसता त्यांचा पट्टा सुटून खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही. मग पलीकडचा तांब्या हसला, कळशा हसल्या. दालनभर पट्टे सैल होऊ लागले. कुणाचा पोचा लिंबाएवढा, कुणाचा सुपारीएवढा, कुणाचा डावीकडे, कुणाचा चक्क मागे. त्यांनी एकमेकांचे पोचे पाहिले, आणि इतक्या वर्षांत प्रथमच तिथे एकमेकांची विचारपूस सुरू झाली.

झारीबाईसाहेब मात्र हसल्या नव्हत्या. "मी पडले नव्हते," त्या हळूच म्हणाल्या. "मी मारून घेतला."

हातोडीला बोलावणे गेले. तिने कलशाच्या पोटात लाकडी दांडा घातला आणि आतून तीन ठोके दिले. पोचा निघाला. "हां," कलश म्हणाला, आणि त्या एका शब्दानंतर काहीही वाजले नाही. सगळे कान देऊन ऐकत राहिले. घळ्ळ मात्र तसाच होता.

"हिचे काय लिहू?" पळीने विचारले. सुरई अजून उभीच होती.

"कशाशी ताडून पाहू तिला?" झारीबाईसाहेब म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच थकल्यासारख्या आणि थोड्या हलक्या झाल्यासारख्या दिसत होत्या. "शिक्का दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरई तळ्याच्या दाराशी उभी राहिली. तिने पोट भरून घेतले आणि वस्तीचे नाव जसे घरी घेत तसे घेतले, लांबवून, शेवटच्या अक्षरापर्यंत. "उतरंऽऽड." म्हातारे झाकण सबंध उघडले. पाणी पाटात उडी घेतल्यासारखे शिरले.

"उतरंड होय," झाकण म्हणाले. "ते तांबे यायचे आणि 'उतरं' म्हणून टक् करायचे. शेवटचं अक्षर त्या टक्‌मध्येच जायचं. मला वाटायचं, खाली उतर म्हणतायत. मी आपला निमूट अर्ध्यावर उतरून बसायचो."

सुरई पाटाकडे पाहत राहिली.

पाळी संपण्याच्या आत पखालमामा उतरंडीहून परत आले. ते इतके फुगलेले होते की वेशीत जेमतेम मावले.

"आजी बोलली," ते म्हणाले.

सुरई झटकन वळली. "काय म्हणाली?"

"म्हनली, एवढा उशीर का लावला." मामा भसकन हसले. "चीर हाय, पर नव्या पान्याचा गाळ बसून पाझर थांबलाय. आता बोलताना चिरेतनं बारीक शीळ येते तिच्या. पोरं तर शीळ ऐकायलाच तिला काय बाय इचारत बसल्यात."

पाळी संपली की पुकाऱ्याने स्वतः एक हेल भरून घरी न्यायचा, अशी रीत होती. सुरईने मान बुडवून भरून घेतले. ती वर आली तेव्हा शेजारी आदिकलश उभा होता.

"मलाबी ने," तो म्हणाला. "पानी वाहायला घडवला मला, आन् इतकी वर्षं कपाटात. त्या म्हातारीला माझ्याकडनंबी एक खेप व्हऊ दे."

तिघे वेशीशी आले. पुढे पखालमामा, मग सुरई, मग तो हिरवटलेला तांब्याचा कलश. बाहेर जाणाऱ्यांना विचारायचे नसते. पण पळीचे डोळे नोंदीत होते, आणि सवयीने तिच्या तोंडून प्रश्न गेला.

"हेल आहे का?"

कलश थांबला. त्याने पोट किंचित हलवून पाण्याचा अंदाज घेतला.

"हाय की," तो म्हणाला. "काठोकाठ."

पळीने मान वर केली. समोर कोण उभे आहे हे तिने पाहिले. मग नेमाप्रमाणे तिने वाकून त्याच्या पोटातले थोडे पाणी उचलले आणि परत सोडले. सोडताना एक चपटा, बारीक, लांबट आवाज झाला. तो तिचाच होता. पळीने पुन्हा पाणी उचलले, पुन्हा सोडले, आणि कान देऊन ऐकले, पुन्हा उचलले. मागे रांग वाढत गेली, पण कुणी घाई केली नाही.